आमच्या संगणकाचे आजारपण

अपराधी कोण, हे ठरवायला मला त्या संध्याकाळी अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही. तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला तेवढा वेळ लागतही नाही. वर्गात खडू कोणी फेकला, हे फळ्याकडे तोंड असतानाच आपल्याला कळते, अशी प्रत्येक मास्तराची समजूत असते. ती समजूत किती वेळा चुकली, याचा हिशेब कोणी ठेवत नाही, हे आम्हा मास्तरांचे नशीब!

गोष्ट २००७ सालची. आमचे घर खामगावला, फरशीपासून चार गल्ल्या आत. घरात आई, सौ., लग्नाची कन्या, बारावी होऊन कॉलेजात गेलेले चिरंजीव आणि मी. या पाच माणसांत सहावा संगणक. त्याला बैठकीच्या खोलीत, टेलिफोनच्या शेजारी, मानाची जागा दिलेली होती. सौ.ने त्याच्यासाठी क्रोशाचे आच्छादन विणले होते आणि दसऱ्याला आईने त्याला हळदकुंकू वाहून वर झेंडूची माळ घातली होती. “इतके हजार रुपये घालून आणलं, तं देवच म्हणायचा तो,” असे तिचे म्हणणे.

संगणकातले मला सगळे कळते, असा माझा त्या काळी समज होता. त्याला कारण एमएस-सीआयटी. ही परीक्षा दिली नाही तर वेतनवाढ रोखली जाईल, असा सरकारचा धाक होता. त्यामुळे पन्नाशी ओलांडलेले आम्ही मास्तर आमच्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या हाताखाली बसून ‘माऊस’ धरायला शिकलो. मला चांगले गुण पडले. ते प्रमाणपत्र मी चौकटीत बसवून संगणकाच्या वरच्याच खिळ्याला टांगले होते. पुढचा प्रसंग त्या प्रमाणपत्राच्या खालीच घडला.

कोजागिरीचा दुसरा दिवस होता. इतर गावांतली देवी दसऱ्याला उठते. आमच्या खामगावात मात्र मोठ्या देवीचा उत्सव कोजागिरीला सुरू होतो. गावात पाहुण्यांची वर्दळ, बाहेर ढोलताशे. भारनियमन संपून दिवे नुकतेच आले होते. चिरंजीव संगणकापुढे बसले होते आणि मी मागे आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचीत होतो. एकाएकी त्याच्या तोंडून “अरेच्या!” असा उद्गार निघाला. मी चष्म्यावरून पाहिले. पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवली होती आणि तिच्यात इंग्रजीत काहीसा असा मजकूर होता: ‘ऑर्कुटवर बंदी आहे, मूर्खा! हा प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांनी लिहिलेला नाही. ओळख पाहू, कोणी लिहिला? मुहाहाहा!’

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ऑर्कुट हा इंटरनेटवरचा एक कट्टा होता. तरुण मुले तेथे आपापली छायाचित्रे लावीत, एकमेकांच्या वहीत दोन ओळी खरडीत आणि ओळखी वाढवीत. २०१४ साली तो बंद पडला. परंतु २००७ साली वर्तमानपत्रांत त्याचे नाव वारंवार येई, आणि फारसे चांगल्या कारणासाठी येत नसे. थोर पुरुषांची निंदा, देशाची निंदा, त्यावरून मोर्चे, त्यावरून कोर्टाच्या नोटिसा. मी ऑर्कुट कधी उघडले नव्हते. मला त्याची माहिती होती ती एवढीच.

आता मी पडलो मराठीचा शिक्षक. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणजे प्रशासक. नगरपालिका बरखास्त झाली की सरकार नेमते तो! म्हणजे ज्या अर्थी बंदी आहे आणि प्रशासकाचा उल्लेख आहे, त्या अर्थी हे सरकारी प्रकरण. आमच्या घरच्या तारेवरून काहीतरी भलतेसलते केले गेले आहे आणि त्याची ही ताकीद आली आहे. शेवटचे ‘मुहाहाहा’ सरकारी पत्रव्यवहारात बसत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. परंतु माणूस एकदा घाबरला, की त्याला व्याकरण दिसते आणि अर्थ दिसत नाही.

“काय केलंस?” मी विचारले.

“काही नाही, बाबा. ऑर्कुट उघडत होतो, तर हे आलं.”

“काही केल्याशिवाय येतं का असं? आपल्याला का कोणी मूर्ख म्हणेल उगीच?”

“मी खरंच काही केलं नाही, बाबा.”

हे वाक्य त्याने एकदाच म्हटले. मी दुसऱ्यांदा विचारले तेव्हा तो गप्प राहिला. त्याची ती चुप्पी मी कबुलीजबाब म्हणून नोंदवून घेतली. वर्गातही आम्ही असेच करतो.

मग मी इंटरनेटची दुसरी खिडकी उघडून पाहिली. ‘फायरफॉक्स’ नावाची एक चांगली सोय चिरंजीवांनीच बसवली होती. ती उघडताच दुसरी चौकट: हे नको, ते दुसरे वापर, नाहीतर याद राख! आणि पुन्हा एक शेलकी शिवी. आपल्याच घरात, आपल्याच प्रमाणपत्राखाली, दोन मिनिटांत दोन शिव्या! मी मुख्य बटण बंद केले, कीबोर्ड उपसून काढला आणि कपाटात सौ.च्या शालूखाली ठेवून कुलूप लावले.

आई आतून काठी टेकीत आली. “काहून बोलतं रे त्याले? पोरगं खोटं बोलत नाई,” ती म्हणाली. मी म्हणालो, “आई, तुला यातलं कळत नाही.” मलाही कळत नव्हते; परंतु मजजवळ प्रमाणपत्र होते.

रात्री सौ.ने आणि मी दबल्या आवाजात विचारविनिमय केला. घरात लग्नाची मुलगी. अकोल्याच्या एका स्थळाशी बोलणी बरीच पुढे गेलेली. मुलगा पुण्याला नोकरीत, वडील कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले, माणसे सज्जन. अशा वेळी आमच्या संगणकात काहीतरी ओंगळ निघाले, मुलाने काहीतरी चावटपणा केला, अशी कुजबूज बाहेर गेली तर? ठरले, की कोणाला काही सांगायचे नाही. विचारलेच तर पडदा बिघडला आहे म्हणायचे. सौ.ने क्रोशाचे आच्छादन नीट ओढून घेतले. जणू आत कोणी आजारी माणूस झोपले होते.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी विसरू शकलेलो नाही. चिरंजीव सकाळी कॉलेजात जात, संध्याकाळी येत, आणि ओट्यावर बसून राहत. मित्र मोठ्या देवीच्या दर्शनाला बोलवायला आले तर “नको, तुम्ही जा” म्हणाले. माझ्याशी बोलणे बंद. मी समोरून आलो की उठून उभे राहत आणि आत जात. शिस्त कामाला येते आहे, असे मला वाटले!

एक गोष्ट आणखी सांगायला हवी. संगणक ‘बंद’ होता तो घरादाराला, मला नव्हे. अकोल्याहून मध्यस्थांचा, म्हणजे आमच्या मेव्हण्यांचा, निरोप आला, की मुलीची आणखी दोन छायाचित्रे हवीत. रात्री सगळे झोपल्यावर मी कीबोर्ड बाहेर काढला, छायाचित्रे पेन ड्राइव्हवर घेतली आणि सकाळी तो मेव्हण्यांच्या हाती दिला. त्याच पेन ड्राइव्हवर मी शाळेच्या सहामाहीच्या गुणपत्रिका कार्यालयात नेल्या होत्या. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना गजानन महाराजांची छायाचित्रे हवी होती, तीही त्याच्यातूनच दिली. सौ.च्या भिशीतल्या एका बाईंना भजनांच्या फाइली दिल्या. अंगठ्याएवढी वस्तू, तिचा त्रास तो काय होणार?

अकोल्याला छायाचित्रे पोचली, आणि तेथून फोन येणे बंद झाले. एक दिवस गेला, चार दिवस गेले, आठवडा गेला. मेव्हणे म्हणाले, “बघतो, विचारतो,” आणि तेही गप्प. सौ. देवापुढे बसून राहू लागली. कन्या काही बोलत नव्हती. परंतु टेलिफोनची घंटा वाजली की तिचे हातातले काम थांबे. त्या घरातल्या एकूण शांततेचे कारण म्हणून मी ओट्यावर बसलेल्या मुलाकडे पाहत होतो.

दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला. तो तेथे संगणकाचेच शिक्षण घेत होता. येताच त्याने आच्छादन उचलले. मी म्हणालो, “पडदा बिघडलाय.” तो म्हणाला, “बघू तरी, मामा.” आता त्याला कसे अडवणार? कीबोर्ड शालूखालून निघाला, यंत्र सुरू झाले, चौकट उगवली, आणि माझा भाचा खो खो हसू लागला.

“मामा, हा होय! आमच्या हॉस्टेलात तर खोलीखोलीत आहे हा. कोणा टवाळाने लिहिलाय आणि दिलाय सोडून. सरकार नाही, पोलीस नाही, काही नाही.”

“पण तो शिरला कसा?”

“पेन ड्राइव्हमधून. दुसरं काय?”

मग त्याने मला जे समजावून सांगितले ते एमएस-सीआयटीत शिकवले नव्हते, किंवा शिकवले असल्यास मी त्या दिवशी रजेवर असेन. त्या वेळच्या आमच्या ‘विंडोज एक्सपी’ची एक भाबडी सवय होती. पेन ड्राइव्ह लावला, की ती त्याच्यावर एक ‘ऑटोरन’ नावाची चिठ्ठी आहे का ते पाही, आणि त्या चिठ्ठीत जे करायला सांगितले असेल ते करायला लागे. भोळ्या गृहिणीने दारात आलेल्या कोणालाही सरळ स्वयंपाकघरात नेऊन बसवावे, तसे. कीड त्या वाटेने आत शिरे, ‘हीप-४१-ए’ अशा विचित्र नावाच्या एका लपवलेल्या कप्प्यात बसे, आणि त्यानंतर त्या यंत्राला जो जो पेन ड्राइव्ह लागेल त्याच्यावर आपली एक प्रत आणि एक चिठ्ठी ठेवून देई. बाहेरून काहीच दिसत नसे.

आमच्या गावाला हे समजायला खरे म्हणजे जड जाऊ नये. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब ते खामगाव हा आगगाडीचा फाटा सुरू केला. जेमतेम आठ मैलांचा. परंतु या आठ मैलांनी आमचा कापूस थेट मुंबईला जोडून दिला. फाटा लहान आहे म्हणून त्याच्यावरून लहान वस्तूच जातील, असे नसते. माझ्या खिशातला पेन ड्राइव्ह हा आमच्या घराचा असाच एक फाटा होता. त्याच्यावर कोणी काय चढवले, हे स्टेशनमास्तराने, म्हणजे मी, पाहिलेच नव्हते.

“केव्हा शिरला हेही सांगता येईल,” भाचा म्हणाला. त्याने तो लपलेला कप्पा उघडून दाखवला आणि त्याची जन्मतारीख वाचली: “१७ ऑक्टोबर २००७. दुपारी चार वाजून काही मिनिटं.”

दारात चिरंजीव उभे होते. ते काही बोलले नाहीत. बोलली आई. “सतरा तारखेले? तवा पोरगं घरी कुठं होतं? ते तं त्या शिबिराले गेल्तं ना अमरावतीले!”

खरे होते. एन.सी.सी.च्या शिबिराला तो दहा दिवस अमरावतीला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी परत आला होता. मग सतरा तारखेला संगणकापाशी कोण होते? माझी एक सवय आहे. दिवसाचा खर्च मी रात्री वहीत लिहितो. वही उघडली. १७ ऑक्टोबर, बुधवार: भाजी, आईचे औषध, आणि त्याखाली, माझ्याच वळणदार अक्षरात, ‘कन्येच्या परिचयपत्राच्या बारा प्रती’. बाजारातल्या एका दुकानात पेन ड्राइव्ह देऊन मी त्या प्रती छापून घेतल्या होत्या, आणि घरी येऊन, फाइल सुरक्षित राहावी म्हणून, पेन ड्राइव्ह लगेच संगणकाला लावला होता.

म्हणजे चोर शिरला तो माझ्याच सदऱ्याच्या खिशातून.

खोलीत कोणीच काही बोलेना. आमच्या पिढीतल्या बापांना मुलापुढे ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द म्हणता येत नाहीत; जीभ टाळूला चिकटते. मी त्याला पंधराव्या वर्षी सायकल घेऊन दिली होती, बारावीत रात्र रात्र जागून त्याच्याशेजारी बसलो होतो. परंतु ते दोन शब्द मला जमेनात. मी वहीतले एक पान फाडले आणि त्याच्यावर लिहायला लागलो: शाळेचे कार्यालय, पोस्टमास्तर, भिशीतल्या बाई, छपाईचे दुकान, अकोला. पेन ड्राइव्ह गेला ती पाच ठिकाणे. ते पान त्याच्या हाती देऊन म्हणालो, “या सगळ्यांना मी आजार दिलाय. चल माझ्याबरोबर. मला एकट्याला सांगायची लाज वाटते.”

त्याने पान वाचले. “स्कूटर काढतो,” तो म्हणाला. दहा-बारा दिवसांतले ते त्याचे माझ्याशी पहिले वाक्य.

भाच्याने औषधाची सीडी दिली, आणि पेन ड्राइव्ह लावताना शिफ्टची कळ दाबून धरली म्हणजे चिठ्ठी वाचली जात नाही, ही युक्ती सांगितली. धनत्रयोदशीच्या दिवशी, लोक चांदी घ्यायला निघालेले असताना, आम्ही बापलेक सीडी घेऊन घरोघर निघालो.

पहिले घर पोस्टमास्तरांचे. मी अंगणातूनच म्हणालो, “तुमचा संगणक शिव्या देतो का हो?” ते चपापले. आधी “छे छे” म्हणाले. मी म्हणालो, “माझ्या पेन ड्राइव्हमधून आलंय ते. माझी चूक.” तेव्हा त्यांनी मला आत नेऊन दार लोटले आणि हळूच सांगितले, की आठ दिवसांपासून त्यांचाही संगणक झाकून ठेवलेला आहे. संशय सुनेवर. ती माहेरी मैत्रिणींना पत्रे पाठवते म्हणून! सून आतल्या दाराशी उभी होती. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिले आणि उगीचच मोठ्याने म्हणाले, “अगं, सरांना फराळाचं आण.”

शाळेत संशय शिपायावर होता. तो रात्री कार्यालयात झोपतो, म्हणून. भिशीतल्या बाईंनी आपल्या मुलाचा क्रिकेटचा सराव बंद केला होता. छपाईच्या दुकानदाराने मात्र हात जोडले. “सर, रोज पन्नास पेन ड्राइव्ह लागतात. कोण कुठून काय आणतो, मी कोणाले पुसू?” त्याचेही खरे होते. त्याच्या हाताखालच्या पोराला त्याने काढून टाकले होते. ते पोर दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात दिसले.

मी परत येताना मनाशी मोजले. चार ठिकाणी आजार, चारही ठिकाणी तो लपवलेला, आणि चारही ठिकाणी आळ कोणावर, तर घरातल्या वा दुकानातल्या सर्वांत धाकट्यावर, ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा तपासणीच्या धास्तीने लोक आजारी माणसे घरात लपवीत, आणि लपवल्याने आजार आणखी पसरे. ते आम्ही मुलांना इतिहासात शिकवतो. परंतु आपल्या घरात तसाच प्रसंग आला, की आपणही आच्छादनच शोधतो.

उरले अकोले. भाऊबीज झाल्यावर मी एसटीने निघालो. चिरंजीव बरोबर होते. बाळापूर मागे पडले तसे माझे पाय गार पडू लागले. खामगावची चांदी म्हटली की सगळ्या वऱ्हाडात लोक डोळे मिटून घेतात. आणि त्या खामगावातल्या मास्तराने व्याह्यांकडे मुलीच्या छायाचित्रांबरोबर काय पाठवले, तर शिव्या देणारी कीड!

त्या घरी चहा आला. सगळे अवघडून बसले होते. मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकले. पेन ड्राइव्ह माझा, कीड माझी, मुलावर आळ घेतला तोही मीच. मुलाच्या वडिलांनी सगळे ऐकून घेतले. मग ते उठले, आतल्या खोलीच्या दाराशी गेले आणि म्हणाले, “ये रे बाहेर. ऐक, सर काय सांगतात ते.”

आतून त्यांचा धाकटा मुलगा आला. आमच्या चिरंजीवांच्याच वयाचा. चेहरा ओट्यावर बसलेल्या मुलाचा असतो तसाच.

“आम्ही यालाच धरलं होतं,” ते म्हणाले. “म्हटलं, इकडे दादाचं लग्न ठरतंय आणि हा भलतंसलतं उघडून बसतो. तुम्हाला कळलं तर काय वाटेल, म्हणून फोनसुद्धा केला नाही.”

म्हणजे खामगावला आम्ही त्यांना लाजत होतो आणि अकोल्याला ते आम्हाला! दोन्ही मुले तोवर आतल्या संगणकापाशी गेली होती. सीडी घातली गेली होती आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. बैठकीच्या खोलीत आम्ही दोन बाप एकमेकांकडे पाहत बसलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, “तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, बरं केलंत. आता तारखेचं बोलू.” पुढल्या मे महिन्यात लग्न झाले.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचले. त्यात एक गोष्ट मला फार आवडली. वैयक्तिक संगणकांतून पसरलेला पहिला विषाणू म्हणून ज्याचे नाव घेतात तो ‘ब्रेन’ १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला, आणि त्यात आपले नाव, पत्ता आणि टेलिफोन क्रमांक छापून टाकला! लपवाछपवी नाही. आणि आपल्याकडे, सातारा जिल्ह्यातून पुण्याला आलेल्या घरातल्या दोन भावांनी असल्या विषाणूंवर औषध शोधले. थोरले कैलास काटकर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकट्या संजयला त्यांनी संगणक शिकायला लावले, आणि त्याने लिहिलेल्या प्रोग्रामातून ‘क्विक हील’ उभे राहिले. एका घरातल्या भावांनी रोग काढला, दुसऱ्या घरातल्या भावांनी उतारा. मायक्रोसॉफ्टनेही २०११ साली विंडोजची ती न विचारता चिठ्ठी वाचण्याची खोड पेन ड्राइव्हपुरती मोडून काढली.

दुसरी बातमी मात्र वाचून माझी झोप गेली. त्याच २००७ साली, ऑर्कुटवरच्या एका निंदात्मक मजकुरावरून बंगळूरच्या एका तरुणाला पोलिसांनी पकडून नेले. इंटरनेट पुरवणाऱ्यांनी कळवलेला पत्ता चुकीचा निघाला. तोवर त्या निरपराध मुलाचे सुमारे पन्नास दिवस तुरुंगात गेले होते. माझ्या मुलाला दहा-बारा दिवसच झाले, आणि तुरुंग म्हणजे आमचा ओटा. परंतु पत्ता चुकीचाच होता, आणि तो मीच दिला होता.

त्यानंतर ते मला काही टाकून बोलले नाहीत. फक्त संगणकापाशी मी गेलो की उठून जागा देत आणि म्हणत, “तुम्ही बसा, बाबा.” त्या अदबीत काय होते, ते बापालाच कळते. ती अदब जायला काही वर्षे लागली.

आता तो नागपूरला नोकरीला आहे. आई गेली. संगणक केव्हाच मोडीत गेला, आणि त्याची जागा माझ्या खिशातल्या मोबाइलने घेतली. म्हणजे फाटा पुन्हा खिशातच!

२०२४ सालच्या नोव्हेंबरात, तुळशीचे लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली होती. एका जुन्या सहकाऱ्याच्या क्रमांकावरून मला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. कोणाचे लग्न, या उत्सुकतेने मी ती दाबली. पत्रिका उघडेना, उलट मोबाइलच मला परवानग्या विचारू लागला. मी एकदा ‘होय’ म्हटले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. नावाच्या शेवटी तीन अक्षरे होती: एपीके. ही पत्रिका नव्हे, छायाचित्र नव्हे. मोबाइलमध्ये बसवायचा प्रोग्राम. कधी लग्नपत्रिकेच्या रूपाने येतो, कधी गाडीच्या दंडाच्या पावतीच्या. आत बसला, की आपले संदेश वाचतो, बँकेचा ओटीपी चोराच्या हाती देतो, आणि आपल्याच नावाने ओळखीच्या लोकांना तीच पत्रिका पाठवीत सुटतो.

सौ. म्हणाली, “अहो, कोणाला सांगू नका इतक्यात. लोक हसतील. या वयात…” आणि एकदम थांबली. आम्हा दोघांनाही एकाच वेळी शालूखालचा कीबोर्ड आठवला असावा.

मी तिच्या मोबाइलवरून नागपूरला फोन लावला. “अरे, मी एक पत्रिका दाबली रे. माझी चूक झाली.”

हे शब्द या वेळी सहज निघाले. मीच चकित झालो.

पलीकडे क्षणभर शांतता. तो काय म्हणेल, याची मी वाट पाहत होतो. ‘मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं’ असे म्हणण्याचा त्याला पुरता अधिकार होता.

“काही हरकत नाही, बाबा,” तो म्हणाला. “आधी तुमच्या मोबाइलचं इंटरनेट बंद करा. सिम काढून ठेवा. मग आईच्या फोनवरून बँकेला कळवा, खातं थोडा वेळ गोठवा म्हणावं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करायचा. मी रात्रीच्या गाडीने येतो. घाबरू नका. कोणाचंही होतं.”

पैसे गेले नव्हते. तो सकाळी आला, चहा घेतला आणि माझा मोबाइल हातात घेऊन ओट्यावर बसला. त्याच ओट्यावर. मी शेजारी जाऊन बसलो. तोवर मी सौ.च्या मोबाइलवरून आमच्या सगळ्या गटांना, नातेवाइकांच्या, निवृत्त शिक्षकांच्या, गल्लीतल्या, एक संदेश धाडला होता: ‘माझ्या नावाने लग्नपत्रिका आली तर उघडू नये. आमच्या घरी कोणाचेही लग्न नाही. चूक माझी आहे.’

दुपारपर्यंत शिक्षकांच्या गटातल्या तिघांनी कळवले, की त्यांनीही ती दाबली होती आणि अजून घरी सांगितलेले नव्हते.